बोलीचा कोश करायचाय: डॉ. जॉन्सनच्या पद्धतीतलं आज काय घेता येईल?

मांजराकाठ

लातूर-धाराशिव पट्ट्यातल्या बोलीचे शब्द जमवायचं काम चालू आहे. सात-आठ जण आहेत. दोनशे पानी वह्यांमध्ये अक्षरागणिक पानं सोडून शब्द लिहीत गेलो. आता क, प आणि स यांची पानं भरून समासात लिहायची पाळी आलीय, आणि ठ-ढ कोरेच पडलेत. सॅम्युएल जॉन्सननं अठराव्या शतकात मूठभर माणसं घेऊन इंग्रजीचा अख्खा कोश केला, हे सगळीकडं वाचायला मिळतं. पण रोजचं काम तो कसा करायचा? कौतुक नको, कामाचं सांगा.

बालाघाट

तुमची अडचण जॉन्सनलाही आली होती, आणि त्यानंही सुरुवात वह्यांपासूनच केली होती.

जून 1746 मध्ये लंडनच्या पुस्तकविक्रेत्यांशी करार झाला. रक्कम 1,575 पौंड, त्यातूनच मदतनिसांचा पगार. मुदत सांगितली तीन वर्षांची, कोश बाहेर पडला 15 एप्रिल 1755 ला. गॉफ स्क्वेअरमधल्या घराच्या माळ्यावर सहा लेखनिक बसत, त्यातले पाच स्कॉटिश. (याच माणसानं 'ओट्स'चा अर्थ दिला: इंग्लंडात घोड्यांना घालतात, स्कॉटलंडात माणसं खातात ते धान्य. लेखनिकांनी तो मुकाट्यानं उतरवला असणार.)

काम असं चाले. जॉन्सन पुस्तक वाचताना हव्या त्या शब्दाखाली पेन्सिलीनं रेघ मारी. उतारा कुठून कुठवर घ्यायचा तिथं उभ्या रेघा, आणि समासात त्या शब्दाचं पहिलं अक्षर. लेखनिक तो उतारा चिठ्ठीवर उतरवून घेई आणि समासातलं अक्षर खोडी, म्हणजे एकच उतारा दोनदा उतरायला नको. मग चिठ्ठ्या अकारविल्हे लावायच्या. एका शब्दाच्या सगळ्या चिठ्ठ्या समोर पसरल्या की जॉन्सन अर्थांचे गट पाडी. उदाहरण आधी, अर्थ नंतर. त्याच्या आधीचे बहुतेक कोशकार जुन्या कोशातून अर्थ उचलत, म्हणून हा फरक मोठा. सुमारे 42,700 नोंदी आणि लाखाच्या वर उतारे असे जमले.

मग सुरुवातीच्या वह्यांचं काय झालं? त्यांत आधी शब्द मांडून अंदाजानं जागा सोडलेली. पण उतारे बघता बघता अर्थ फुटत गेले. 'टेक' (take, घेणे) या एका क्रियापदाचे शेवटी 134 अर्थ झाले, तेवढी जागा कोणती वही देणार? सन 1750 च्या सुमारास ती मांडणी सोडून त्याला नव्यानं लागावं लागलं. शिवाय बरंचसं लिखाण कागदाच्या दोन्ही बाजूंनी झालेलं. छापखान्याला ते चालेना, म्हणून एका बाजूवर पुन्हा उतरवून घेण्यात वीसेक पौंड गेले.

तेव्हा वह्या आजच बंद करा. ए-फोर कागदाचे चार तुकडे करा, एका तुकड्यावर एकच शब्द आणि एकच उदाहरण, मागची बाजू कोरी. वर डाव्या कोपऱ्यात शब्द, उजवीकडं गाव आणि तालुका. खाली बोलणाऱ्याचं पूर्ण वाक्य जसंच्या तसं, त्याखाली तारीख. अर्थाची जागा मोकळी ठेवा. एका शब्दाच्या तीन-चार गावांच्या चिठ्ठ्या जमल्याशिवाय अर्थ लिहायचाच नाही. बुटांच्या खोक्यात मावतं सगळं.

चिठ्ठी खोक्यातून काढली तर तिच्या जागी रंगीत कागद खोचा. ऑक्सफर्डच्या मोठ्या कोशातून 'बॉन्डमेड' हा शब्द चिठ्ठी गहाळ झाल्यानंच सुटला, आणि ते कळलं तो भाग छापून झाल्यावर.

दुधना

चिठ्ठ्यांबद्दल वाद नाही. पण जॉन्सनचं सगळंच उचलू नका. त्यानं उतारे मुख्यतः सोळाव्या शतकातला कवी फिलिप सिडनी याच्यापासून पुढच्या नामवंत लेखकांचे घेतले. बाजारातलं, कारागिरांचं बोलणं त्यात फार कमी, आणि कित्येक शब्दांवर 'हलका' असा शिक्का. तुमचा कोश नेमका त्याच बोलण्याचा आहे. एकनाथांची भारुडं किंवा दासोपंतांच्या रचना जुन्या दाखल्यासाठी जरूर घ्या, पण 'ग्रंथात सापडला तरच शब्द खरा' ही अट घातलीत तर अर्धा मराठवाडा बाहेर राहील. 'अशुद्ध' हा शेरा तर चिठ्ठीवर येऊच देऊ नका. कोणत्या गावात, कोण, कधी बोलतं एवढं पुरे.

दुसरं, वस्तूचा अर्थ वस्तू वापरणाऱ्याला विचारा. 'पॅस्टर्न' म्हणजे घोड्याच्या खुराच्या वरचा भाग, जॉन्सननं लिहिलं घोड्याचा गुडघा. एका बाईंनी कारण विचारलं तर म्हणाला, निव्वळ अज्ञान. 'पाचुंदा'चा अर्थ नुसता 'कडब्याचा भारा' असा लिहिलात तर तुमचंही तेच होईल. पाचुंदा म्हणजे पाच पेंढ्या. आकडाच त्याचा अर्थ आहे.

व्युत्पत्ती हा त्याचा सगळ्यात कच्चा भाग. स्किनर आणि जुनियस या आधीच्या व्युत्पत्तिकारांच्या ग्रंथांवर भिस्त, त्यामुळं त्यांच्या चुका त्याच्याकडं आल्या. तुमच्याकडं हा घोळ 'येळवस' (अमावस्येला शेतात साजरा होणारा सण) या शब्दापाशी होणार. कन्नडात 'एळ्ळु' म्हणजे तीळ आणि 'एळु' म्हणजे सात, आणि सांगणारे दोन्हीकडून सांगतात. दोन्ही लिहा, निकाल देऊ नका. नोंद मात्र 'येळवस' खालीच करा आणि 'वेळा अमावस्या'पाशी 'येळवस पाहा' एवढंच. आंबील, भज्जी, कोप हे शब्द त्याच दिवशी शेतात जाऊन टिपलेत तर वाक्यं आपोआप मिळतील.

जाता जाता: जॉन्सन मराठीला परका नाही. त्याची 'रासेलस' ही कथा चिपळूणकर पितापुत्रांनी मराठीत आणली, आणि विष्णुशास्त्र्यांनी निबंधमालेत त्याच्यावर सविस्तर लिहिलं.

तेरणा

चिठ्ठ्या संगणकावर चढवताना क्रम बिघडतो, त्याबद्दल. साध्या युनिकोड क्रमानं लावलं तर ळ हा ल आणि व यांच्या मधे येतो, आपल्या वर्णमालेत तो ह नंतर. क्ष जातो क मध्ये, ज्ञ जातो ज मध्ये. 'ॲ' एकाच चिन्हानं टाइप केला तर थेट ह च्याही पुढं, आणि कुणी अ ला वेगळा चंद्र जोडला असेल तर तो अ पाशी. दिसायला दोन्ही सारखेच, म्हणून एक शब्द दोन ठिकाणी सापडतो. अनुस्वाराचं आजच ठरवा: 'आंबील' हा 'आकडी'च्या आधी की 'आम' च्या जवळ? नियम एका कागदावर लिहून प्रत्येक टायपिस्टला द्या. जॉन्सननं आय-जे एकत्र आणि यू-व्ही एकत्र लावले होते. आज ते विचित्र वाटतं, पण पहिल्या पानापासून शेवटपर्यंत एकच रीत असल्यानं शब्द सापडतो.

आणि छापताना जपून. त्याचे दोन अवजड खंड 4 पौंड 10 शिलिंगला होते, ते घेणार कोण? सन 1756 मध्ये उतारे कापून संक्षिप्त आवृत्ती काढली 10 शिलिंगला. घराघरात गेली ती हीच. तुम्हीही चिठ्ठ्या सगळ्या जपा, पण पहिली पुस्तिका शंभरेक पानांत बसवा.

मांजराकाठ

वह्या बंद केल्या. नमुना चिठ्ठी टाकतोय, बघा:

*तिफण (स्त्री.) – औसा तालुका. पेरणीचं अवजार. 'चाड्यावर मूठ धरणे' म्हणजे पेरणीला लागणे.*

बालाघाट

यात तीन चिठ्ठ्या एकात घुसल्यात. 'पेरणीचं अवजार' पाभरीलाही लागू पडतं. तीन फण, वर चाडं (बी सोडायचा वाटीसारखा भाग), चाड्यातून प्रत्येक फणाकडं उतरणारा नळा, आणि बी मुठीनं सोडतात, हे आल्याशिवाय तिफण दिसत नाही. चाड्याची चिठ्ठी वेगळी करा. 'चाड्यावर मूठ धरणे' तिच्याखाली जाईल, आणि 'मूठ'पाशी 'चाडं पाहा'. जॉन्सननंही क्रियापदाला शब्द चिकटून अर्थ बदलतो अशा जोड्या मूळ क्रियापदाखालीच घेतल्या, नाहीतर शोधणाऱ्याला पत्ता लागत नाही.

आणि बोलणाऱ्याचं वाक्य कुठंय? तारीखही राहिली.