अनुभव धागा: तुमची उपासना नेमकी कुठे होते?

खिडकीजवळची
काल कूलर काढायचा म्हणून माळ्यावर चढले. वाळ्याच्या ताट्या सापडल्या नाहीत, आईचा पत्र्याचा डबा सापडला. झाकणावर खिळ्याने कोरलेला क्रूस आहे, तोही वाकडा. सहावीत असताना मीच कोरला होता आणि त्यासाठी मारही खाल्ला होता.

आमच्या मोहननगरच्या घरात भात टाकायच्या आधी एक मूठ तांदूळ त्या डब्यात जायचे. महिनाअखेरीला ते पिशवीत भरून देवळात. पुढे ते कोणाच्या घरी शिजायचे, कधी विचारलं नाही. मूठ टाकताना आई डोळे मिटायची नाही, हात जोडायची नाही. ओठ हलायचे, बस. एका वर्षी बाबांचा पगार तीन महिने अडकला होता. घरात डाळ मोजून आणि डब्यात मूठ चालूच. मी भांडले. आईने ऐकून घेतलं आणि म्हणाली, "बरोबर आहे तुझं. उद्यापासून तू टाकत जा. तुझी मूठ लहान आहे."

आता मी दर रविवारी चर्चला जाते. गाणी पाठ आहेत, शास्त्रपाठ सांगितला की हात आपोआप पान काढतो. पण काल तो डबा मांडीवर घेऊन माळ्यावर बसले तेव्हा जे झालं, ते देवळात बरेच दिवसांत झालेलं नाही. म्हणून विचारते. तुमची उपासना कुठे होते? देवळात, घरी, ड्युटीवर, गाडीवर? प्रवचन नको, अनुभव लिहा. पाळकसाहेब वाचत असतील तर सलाम, तुम्हीही लिहा.

कुकरची_तिसरी_शिट्टी
माझी उपासना पाळणाघरात होते. म्हणजे चर्चच्या मागच्या खोलीत, जिथे रडणारी पोरं घेऊन बसतात. दोन वर्षं झाली, एकही उपदेश पूर्ण ऐकला नाही. भिंतीतून फक्त "आमेन" ऐकू येतं, मग मी पण म्हणते. कशाला आमेन म्हटलं ते देवालाच ठाऊक. जाते, शिट्टी झाली.

जुना_सदरकर
२९ नोव्हेंबर १९७०, रविवार. मी अकरा वर्षांचा. ऑल सेंट्स कॅथेड्रलला चर्च ऑफ नॉर्थ इंडियाची स्थापना झाली तो दिवस. सहा मंडळ्या एक झाल्या. अँग्लिकन होते, युनायटेड चर्चवाले होते, बाप्टिस्ट, ब्रदरन, मेथडिस्टांचा एक भाग, डिसायपल्स. आपल्या नागपुरात झालं हे, आजच्या पोरांना सांगितलं तर खरं वाटत नाही. मला त्यातलं काय आठवतं? चप्पल हरवली. सहाची एक मंडळी झाली आणि माझ्या दोन चपलांची एक.

आमच्या घरात ऐक्य त्याआधीच झालं होतं, भांडून भांडून. आजोबा अँग्लिकन. छापील प्रार्थना, गुडघे टेकून. आजी स्कॉटिश मिशनच्या मंडळीतली. पुस्तकातून वाचलेली प्रार्थना म्हणजे दुसऱ्याच्या चिठ्ठीवर आणलेला किराणा, असं ती म्हणे. रात्रीच्या घरप्रार्थनेत ती देवाला डाळीचा भाव, म्हशीचं दुखणं, शेजारणीचा जावई, सगळं सांगे. आजोबा मध्येच मोठ्याने "आमेन" म्हणून गाडी थांबवू पाहत. ती डोळे न उघडता म्हणे, "थांबा, धाकट्याचं राह्यलं अजून."

शेवटच्या आजारात तिला शब्द सापडेनासे झाले. आजोबा उशाशी बसून पुस्तकातली संध्याकाळची प्रार्थना वाचायला लागले. आजीचे ओठ त्यांच्या बरोबरीने हलत होते. तिला ती पाठ होती. चाळीस वर्षं नावं ठेवून पाठ!

तर्रीवाला
काका, दुसऱ्या चपलेचं काय केलं मग?

जुना_सदरकर
आईने ठेवली होती. म्हणे, मिळाली तर? मिळाली नाही.

रात्रपाळी_सिस्टर
अठरा वर्षं सरकारी दवाखान्यात नोकरी. महिन्यातले दोन रविवार तरी ड्युटीत जातात. सुरुवातीला फार वाईट वाटायचं, आपण देवाचा दिवस बुडवून राहिलो म्हणून. मग सवय लागली, ड्रेसिंग करताना हळू आवाजात गाणं म्हणायची. मोठ्याने नाही, वॉर्ड सगळ्यांचा असतो.

एकदा काटोलकडचे एक आजोबा होते, संत्र्याची बाग होती त्यांची. पायाची जखम खोल. पट्टी काढताना डॉक्टरांनी हाक मारली म्हणून मी गाणं मध्येच सोडलं. आजोबा म्हणाले, "बाई, गाणं पुरं करत जा. म्या त्या गाण्याच्या मापानं दुखणं सोसून राह्यलो. अर्ध्यात सोडलं का मग कुठवर सोसायचं ते समजत नाही." तेव्हापासून पट्टी संपेपर्यंत गाणं संपवत नाही. कडवी कमी पडली तर पहिलं पुन्हा.

खिडकीजवळची
सिस्टर. काय लिहिलंत.

वेदीमागचा
मी धर्मशिक्षण घेतोय, त्यामुळे प्रवचन नको म्हटलं तरी थोडं सहन करा. हिब्रूत 'अवोदा' म्हणून शब्द आहे. शेतातलं काम, चाकरी आणि देवाची उपासना, तिन्हींना तोच. लिटर्जी ज्या ग्रीक शब्दावरून आला तोही मुळात लोकांसाठी केलेलं काम. बायबलात, रोमकरांना लिहिलेल्या पत्राच्या १२व्या अध्यायाच्या पहिल्याच वचनात, पौल गाणी म्हणा असं सांगत नाही, शरीरं अर्पण करा म्हणतो. आणि आमोसाच्या पाचव्या अध्यायात देव चक्क म्हणतो, तुमच्या गाण्यांचा गोंगाट माझ्यापुढून न्या, त्यापेक्षा न्याय पाण्यासारखा वाहू द्या. आमच्या क्वायरला हे वचन कधी वाचायला दिलेलं नाही.

आता अनुभव. सतराव्या शतकात पॅरिसच्या एका मठात ब्रदर लॉरेन्स नावाचे साधू स्वयंपाकघरात काम करत. भांड्यांच्या खडखडाटातही त्यांना देव तितकाच जवळ वाटे. होस्टेलच्या मेसमध्ये कढई घासताना मला अजून तरी करपलेली डाळच भेटली आहे. मागच्या आठवड्यात रूममेट तापाने पडला, त्याची पाळी मी केली आणि कोणाला सांगितलं नाही. आता इथे सांगून तेही घालवलं.

तर्रीवाला
हाहाहा. घालवलं रे बाप्पा.

पेटीवाला
गोंगाटाचा विषय निघालाच आहे तर. आमच्याकडे पेटी, ढोलकी, टाळ होते. ना. वा. टिळकांची भजनं बसून, डोलत म्हणायचो. (टिळक बाप्तिस्म्याच्या आधी काही काळ आपल्या नागपुरात बुटींकडे कामाला होते, बाप्तिस्मा १८९५ चा, मुंबईचा. हे इथे कोणाला माहीतच नसतं.) आता स्टेजवर कीबोर्ड, ड्रम, पडद्यावर शब्द. आणि हल्ली त्या अर्ध्या तासालाच 'वर्शिप' म्हणून राहिले. मग उरलेला एक तास आम्ही काय करून राहिलो?

सी_मेजर
काका, तो कीबोर्ड मीच वाजवतो. ड्रम जास्त होतात हे मान्य. पण मी बारावीत दोनदा नापास झालो तेव्हा घरात कोणी बोलत नव्हतं. चर्चमध्ये मात्र शनिवारी प्रॅक्टिसला ये म्हणून फोन यायचा. पाटी कोरी असलेल्या पोराला कोणी तरी काही तरी वाजवायला दिलं. माझ्यासाठी तीच उपासना होती. तुम्ही पेटी घेऊन या ना एखाद्या शनिवारी.

पेटीवाला
पेटीचा भाता फाटला आहे. महाल भागात दुरुस्त करून देणारा होता, त्याने दुकान बंद केलं.

पेटीवाला
येतो. भात्याचं पाहतो.

मिस्सावाली
आमच्या कॅथलिक कानाला 'उपासना' हा शब्द तुमच्याकडचा वाटतो, आम्ही 'मिस्सा'च म्हणतो. सदरला सेंट फ्रान्सिस डी सेल्स (एसएफएस) कॅथेड्रलच्या घंटेवर आमचं घर चालायचं. बाबा सायकलवरून कामाला जाताना जपमाळ खिशात ठेवून एका हाताने मणी सरकवत. आईला भीती, एक हात सोडून चालवतात म्हणून. मी आता मेट्रोत सीताबर्डीपर्यंत जपमाळेची पाच दशकं (दहा-दहा मण्यांचे पाच भाग) पूर्ण करते, दोन्ही हात मोकळे. आई असती तर खूश झाली असती.

उपवासकाळात क्रूसाची वाट करतो (येशूच्या दुःखाच्या चौदा टप्प्यांवर थांबून प्रार्थना), तेव्हा नागपूरचं ऊन चढायला लागलेलं असतं. एका वर्षी चौदा स्थानकांपैकी नवव्यालाच मला चक्कर आली. नववं म्हणजे येशू तिसऱ्यांदा पडतो ते. भाऊ अजून चिडवतो, हिने मनावरच घेतलं.

ऐझॉल_रिटर्न
मुठीचे तांदूळ वाचून एकदम सरकलो. नोकरीत तीन वर्षं मिझोरामला होतो. तिकडे याला 'बुह्फाय थाम' म्हणतात, १९१० पासून चालत आलं आहे. घरातल्या बाया प्रत्येक वेळच्या भाताआधी मूठ काढतात, मग ते गोळा होऊन विकतात आणि मंडळीचं काम त्यावर चालतं. मी घरमालकिणीला म्हटलं, आमच्या विदर्भात पण माझी आजी काढायची. तिने विचारलं, आता तुमची बायको काढते का? मी म्हटलं, आम्ही ऑनलाइन ट्रान्सफर करतो. ती हसली नाही.

शेवटचा_बाक
बायको जाऊन चार वर्षं झाली. प्रार्थना होत नाही. प्रयत्न केला, होत नाही. तरी रविवारी जातो, शेवटच्या बाकावर पंख्याखाली बसतो. गाणं सुरू झालं की उभा राहतो, तोंड उघडत नाही. बाकीचे म्हणतात ते ऐकतो. एवढंच आहे.

रात्रपाळी_सिस्टर
दादा, तुमच्या वाटचं आम्ही म्हणतो.

कुकरची_तिसरी_शिट्टी
मागच्या खोलीतून पण.

खिडकीजवळची
पंख्याखालची जागा राखून ठेवत जाऊ.

शेवटचा_बाक
त्याची गरज नाही, तिथे कोणी बसतच नाही. पंखा आवाज करतो. पण आभार.

शेजारीण_इंदोरा
मी ख्रिस्ती नाही, आमच्याकडे बुद्धवंदना असते. पण लिहायचा मोह झाला. लहानपणी शेजारच्या काकू नाताळला करंज्या द्यायच्या, वर पांढरा रुमाल. ताट आम्ही धुऊन परत करायचो तर रागवायच्या, रिकामं ताट आणायचं नाही म्हणून. मग आई त्यात चार संत्री ठेवायची. त्या करंज्यांत खोबऱ्यासोबत काही तरी वेगळं असायचं. कोणाला प्रमाण माहीत आहे का?

मिस्सावाली
खसखस असेल. किंवा रवा भाजताना जायफळ.

शेजारीण_इंदोरा
जायफळ नव्हतं. चव आठवते.

फटफटीवर
लिहू की नको म्हणत होतो. घराच्या वाटणीवरून मोठ्या भावाशी बोलणं बंद होतं, तीन वर्षं. त्या काळात मी प्रभुभोजन घेतलं नाही. ताट पुढे आलं की मान खाली. एका रविवारी मत्तयाचा पाचवा अध्याय वाचला गेला. वेदीवर दान आणलं आणि भावाच्या मनात आपल्याविरुद्ध काही आहे असं आठवलं, तर दान तिथेच ठेव आणि आधी जा, असं आहे त्यात. शंभरदा ऐकलेलं. त्या दिवशी काय झालं माहीत नाही, बाकावरून उठलो, गाडीला किक मारली आणि थेट जरीपटक्याला, भावाच्या घरी.

भाऊ घरी नव्हता! तो दुसऱ्या चर्चला गेला होता, उपासनेलाच. वहिनीने दार उघडलं, काही विचारलं नाही, चहा टाकला. मी चहा प्यायलो, कपातच बघत बसलो. निघताना वहिनी म्हणाली, "सांगते त्यांना, आला होता म्हणून." पुढच्या रविवारी भाऊ माझ्याकडे आला तेव्हा मी चर्चला गेलेलो. आता दोघं फोन करून येतो. कोर्टातली केस सुरूच आहे, तारखेला एकाच गाडीवर जातो.

तर्रीवाला
वकिलांना दिसत असेल तर त्यांच्या पोटात गोळा येत असेल.

फटफटीवर
माझ्या वकिलाने विचारलं, गाडी कोणाची? म्हटलं, तीच तर केस आहे. (गंमत. गाडी माझी आहे.)

दगडगोटे
थोडं विषय सोडून. स्कॉटिश मिशनरी स्टीफन हिस्लॉप १८४५ मध्ये नागपुरात आले. सकाळी शिकवणार, उपदेश करणार आणि वेळ मिळाला की हातोडी घेऊन दगड फोडत फिरणार. विदर्भातले जीवाश्म त्यांनी गोळा केले, एका खनिजाला हिस्लोपाइट असं नाव आहे. १८६३ साली टाकळघाटची शिळावर्तुळं पाहून परतताना बुडून गेले. मी भूगर्भशास्त्राचा मास्तर होतो. दरवर्षी पोरांना घेऊन त्या भागात जायचो. एकाने विचारलं, सर, पाद्री माणूस दगडांत काय शोधत होता? मी म्हटलं, ते देवळात ज्याचं नाव घेत, त्याचंच अक्षर दगडात वाचत असतील. पोरगं म्हणालं, परीक्षेत हे लिहिलं तर मार्क मिळतील का? म्हटलं, नाही.

इस्त्रीचा_शर्ट
१२ एप्रिल २०२०, पुनरुत्थानाचा रविवार, सगळं बंद. उपासना मोबाइलवर. बाबा सकाळी सहाला आंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट, बूट, बेल्ट घालून स्टुलावरच्या मोबाइलसमोर ताठ बसले. मी लुंगीवर. म्हणाले, "पँट घाल." मी म्हटलं, देवाला दिसत नाही का घरातलं? म्हणाले, "दिसतं, म्हणूनच." अर्पणाची वेळ आली तेव्हा त्यांनी खिशातून पन्नासची नोट काढली आणि ठेवायची कुठे कळेना, म्हणून मोबाइलच्या खाली ठेवली. चर्च उघडेपर्यंत दर रविवारी तेच. उघडल्यावर सगळ्या नोटा एकदम नेऊन दिल्या. एकही कमी नव्हती. मी दोनदा पेट्रोलला घेतली होती, परतही ठेवली होती.

कुकरची_तिसरी_शिट्टी
आमचा कापणीच्या सणाचा लिलाव, चर्चमध्ये अर्पण आलेल्या वस्तूंचा, कोणी लिहा ना! मागच्या वेळी सासऱ्यांनी एक कोहळं सातशेला घेतलं, घरी सासूबाईंनी काय उपासना केली त्यांची, विचारू नका. आठवडाभर कोहळ्याची भाजी, कोहळ्याची खीर. आली, मोठा उठला.

वेदीमागचा
खिडकीजवळच्या ताई, डब्याचं काय करणार?

खिडकीजवळची
धुऊन उन्हात ठेवला आहे. तळाला गंज आहे, तांदूळ टाकता येणार नाहीत. मुलगी म्हणते आत बरणी ठेवू. तिची मूठ माझ्यापेक्षा मोठी आहे, त्यामुळे तांदूळ महाग पडणार.

तर्रीवाला
आणि वाळ्याच्या ताट्या?

खिडकीजवळची
नव्या आणाव्या लागल्या. आज पंचेचाळीस आहे, कूलर चालू आहे, लाइट जाऊन येऊन राहिली.

शेजारीण_इंदोरा
करंजीचं कोणी सांगत नाही आहे.

जुना_सदरकर
आमच्याकडे सारणात संत्र्याची वाळवलेली साल किसून टाकायचे. अगदी चिमूट. ते असेल का?

शेजारीण_इंदोरा
काका! तेच.