फेब्रुवारीअखेर २९,००० लॉयल्टी पॉइंट कमी: कार्डावर खर्च करून प्लॅटिनम गाठावं का?

एडिसनकर (५ जानेवारी २०२६)

मंडळी, अमेरिकन एअरलाइन्सच्या ॲडव्हांटेज (नेहमीच्या प्रवाशांची योजना) खात्यात १ मार्चपासून आत्तापर्यंत ४६,००० लॉयल्टी पॉइंट (यांवरून स्टेटस, म्हणजे प्रवाशाचा दर्जा ठरतो) झालेत. म्हणजे गोल्ड (४०,०००) पदरात पडलंय, प्लॅटिनम ७५,००० वर आहे. वर्ष फेब्रुवारीअखेर संपतं. माझ्याकडे ॲडव्हांटेजशी जोडलेलं सिटी बँकेचं प्लॅटिनम सिलेक्ट कार्ड आहे (नावातलं प्लॅटिनम वेगळं, स्टेटस नव्हे), स्टेटमेंट दर महिन्याच्या २२ तारखेला निघतं. २२ फेब्रुवारीपर्यंत घरखर्चाचे साधारण ७,००० डॉलर कार्डावर पडतील. शिवाय १५ जानेवारीला एस्टिमेटेड टॅक्सचे (तिमाहीचा आगाऊ आयकर) ९,००० आणि १ फेब्रुवारीला टाउनशिपच्या प्रॉपर्टी टॅक्सचे ३,००० भरायचेत. टॅक्स नेहमी थेट बँकेतून जातो.

जूनमध्ये आम्ही चौघं फिलाडेल्फिया-दोहा-मुंबई, कतार एअरवेजने, इकॉनॉमीत जाणार. डिसेंबरात मी एकटा जाणार. प्लॅटिनम हवंय ते या दोन प्रवासांसाठीच. टॅक्स कार्डावर भरण्यात अर्थ आहे का? आणि साइन-अप बोनसचं नवं कार्ड घेतलं तर त्या बोनसचे पॉइंट यात धरतात का?

---

हिशेबी_माणूस

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी: नाही. साइन-अप बोनसचे माइल्स (ज्यांतून तिकीट काढता येतं) खात्यात येतात, पण त्यातून लॉयल्टी पॉइंट एकही मिळत नाही. कार्डावर एका डॉलरला एक पॉइंट, बस. रेस्टॉरंट किंवा पेट्रोलवर कार्ड दुप्पट माइल्स देतं तिथेही पॉइंट एकच. पुष्कळ जण माइल्सचा आकडा बघून खूश होतात आणि फेब्रुवारीत डोक्याला हात लावतात. खात्यात लॉयल्टी पॉइंटचा रकाना वेगळा असतो, तोच बघायचा.

आता बेरीज. ७,००० + ९,००० + ३,००० = १९,०००. तुम्ही ६५,००० ला पोचता, ७५,००० ला अजून १०,००० कमी पडतात. त्याकडे नंतर येऊ, आधी टॅक्स.

फेडरल टॅक्स कार्डाने घेणाऱ्या कंपन्यांची नावं आयआरएसच्या (अमेरिकेचं आयकर खातं) साइटवरच आहेत. पे१०४० साध्या क्रेडिट कार्डावर १.७५ टक्के घेते, एसीआय पेमेंट्स १.८५ टक्के. ९,००० वर १.७५ टक्के म्हणजे १५७.५० डॉलर. फॉर्मचा प्रकार १०४०-ईएस (एस्टिमेटेड टॅक्सचा फॉर्म) निवडा. वर्ष २०२५ निवडा, २०२६ नाही. जानेवारीतला हप्ता मागच्या वर्षाच्या चौथ्या तिमाहीचा असतो. चुकीचं वर्ष निवडलं तर पैसे भलत्या खात्यात जमा होतात आणि ते हलवायला आयआरएसला फोन करत बसावं लागतं. नवरा-बायकोचा एकत्र रिटर्न असेल तर रिटर्नवर ज्याचं नाव पहिलं त्याचाच सोशल सिक्युरिटी नंबर. १०४०-ईएसला तिमाहीत दोनदाच कार्डाने भरता येतं, म्हणून लिमिट पुरत नसेल तर दोन तुकडे करा, चार नकोत.

बिझनेस कार्ड असेल तर थांबा, त्यावर फी बरीच जास्त आहे.

प्रॉपर्टी टॅक्सचं गणित प्रत्येक टाउनशिपचं निराळं. पोर्टलवर शेवटच्या पानावर फी दिसते. ती ३ टक्क्यांच्या वर असेल तर सोडून द्या.

लिमिट १२,००० आणि त्यातच ९,००० चा टॅक्स असं असेल तर टॅक्स पडल्यावर दोन-तीन दिवसांत बँकेतून कार्डाचे पैसे भरून टाका, स्टेटमेंटची वाट बघू नका. लिमिट मोकळं होतं आणि क्रेडिट स्कोअरही खाली येत नाही. एक महिना जरी थकबाकी ठेवली तर वीस टक्क्यांच्या वरचं व्याज सगळा फायदा खाऊन टाकेल.

तारखेबद्दल: २२ फेब्रुवारीच्या स्टेटमेंटमध्ये जे बसेल तेवढंच धरायचं. २३ ते २८ मधला खर्च या वर्षात आला तर आला, त्यावर योजना आखू नका. शिवाय व्यवहार 'पेंडिंग' असताना स्टेटमेंट निघालं तर तो पुढच्या महिन्यात जातो, म्हणून मोठी रक्कम १८-१९ तारखेपर्यंत उरकलेली बरी.

---

कोथरूड_ते_डॅलस

उरलेल्या १०,००० साठी तीन वाटा आहेत.

पहिली महाग. सिटीचं एक्झिक्युटिव्ह कार्ड, वार्षिक फी ५९५ डॉलर. एका वर्षात ५०,००० पॉइंट झाले की १०,००० पॉइंट वर देतं, ९०,००० झाले की आणखी १०,०००. हे खरे लॉयल्टी पॉइंट, माइल्स नव्हेत. तुम्ही ४६,००० वर आहात, तेव्हा घ्यायचंच तर ५०,००० ओलांडायच्या आत कार्ड चालू झालेलं असू द्या. टॅक्स १५ तारखेला पडला आणि स्टेटमेंट २२ ला निघालं की तुम्ही उडी मारून पलीकडे जाता, म्हणजे अर्ज याच आठवड्यात करावा लागेल. ॲडमिरल्स क्लबचं (अमेरिकनची विमानतळांवरची लाउंज) सदस्यत्व त्यात येतं. ते वापरणार असाल तरच हे कार्ड परवडतं, नुसत्या १०,००० पॉइंटसाठी ५९५ डॉलर देणं मला पटत नाही.

दुसरी वाट ॲडव्हांटेज हॉटेल्सची. या साइटवर हॉटेल बुक केलं तर दर रात्रीमागे माइल्स मिळतात आणि तेवढेच लॉयल्टी पॉइंटही. काही हॉटेलांवर एका रात्रीला काही हजार, क्वचित १०,००० पर्यंत. खुबी अशी की त्याच खोलीची किंमत हॉटेलच्या स्वतःच्या साइटवर बघायची आणि फरकाला पॉइंटने भागायचं. इथे २६० आणि तिकडे २१० असेल, पॉइंट ४,००० मिळत असतील, तर ५० डॉलरला ४,००० पॉइंट आणि ४,००० माइल्स. कुठल्याही टॅक्सपेक्षा स्वस्त. मात्र पॉइंट राहून झाल्यावर जमा होतात, बुकिंगच्या दिवशी नाही. चेक-आउट जानेवारीअखेर किंवा फार तर फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात हवं. पुष्कळसे दर परतावा न मिळणारे असतात, आणि हॉटेलच्या स्वतःच्या कार्यक्रमाचे पॉइंट अशा बुकिंगवर सहसा मिळत नाहीत.

तिसरी ॲडव्हांटेजचं ई-शॉपिंग पोर्टल. दुकानाच्या साइटवर पोर्टलमधून गेलात की डॉलरमागे जे माइल्स लिहिलेत तेवढे पॉइंट. अमुक रकमेची खरेदी करा, हजार बोनस घ्या, अशा योजनांतला बोनस यात मोजत नाहीत. ॲड-ब्लॉकर बंद ठेवा, कूपन शोधून लावणारी एक्स्टेन्शनं काढून टाका, गिफ्ट कार्डाने पैसे भरू नका. ट्रॅकिंग तुटतं ते बहुधा या तिघांमुळे. आणि जमा व्हायला आठवडे लागतात, तेव्हा २० जानेवारीनंतरची खरेदी हिशेबात धरू नका.

सगळं जमवून ७५,००० बरोबर येत असेल तरी दोन-तीन हजार जास्तच ठेवा. एक वस्तू परत केली की तिचे पॉइंट कापले जातात.

---

टक्केवाला

वरची गणितं बरोबर आहेत, पण किंमत अर्धीच दाखवली आहे. कार्डावर मिळणारे माइल्स फुकट नसतात, कारण तोच खर्च २ टक्के कॅशबॅकच्या कार्डावर गेला असता. घरखर्चाच्या ७,००० वर १४० डॉलर रोख सोडता आणि ७,००० माइल्स घेता. माइल मी १.३ सेंटला धरतो, म्हणजे ९१ डॉलर. घाटा सुमारे ५०. टॅक्सच्या १२,००० वर फी समजा २४० डॉलर, माइल्स १५६ डॉलरचे. घाटा ८४. म्हणजे ४६,००० वरून ६५,००० ला जायला खरा खर्च १३०-१३५ डॉलर. हा काही वाईट सौदा नाही. हॉटेलवाला १०,००० चा तुकडा शंभर-सव्वाशेत बसला तर एकूण अडीचशेच्या आसपास. एक्झिक्युटिव्हने गेलात तर सव्वासातशे.

मात्र शून्यावरून ७५,००० नुसत्या कार्डावर करायला निघालेल्यांनी हे वाचून नादी लागू नये. ७५,००० वर २ टक्के म्हणजे १,५०० डॉलर रोख सुटतात. कार्ड ही शेवटची फट बुजवायला चांगली गोष्ट आहे, पाया घालायला नाही.

आणि तारखेचा विचार केलात का? फेब्रुवारीअखेर मिळालेलं प्लॅटिनम ३१ मार्च २०२७ पर्यंत टिकतं. १ मार्च २०२६ नंतर ७५,००० केलेत तर ते ३१ मार्च २०२८ पर्यंत. १ मार्चला आकडा शून्य होतो, उरलेले पॉइंट पुढे जात नाहीत. म्हणून एक तारीख ठरवा, समजा ५ फेब्रुवारी. त्या दिवशी आकडा गाठता येणार नाही असं दिसलं तर पुढचा प्रत्येक मोठा खर्च मार्चवर ढकला. प्लॅटिनमच्या अलीकडे ७१,००० वर वर्ष संपणं आणि ४६,००० वर संपणं यात स्टेटसच्या दृष्टीने काहीही फरक नाही, दोन्हीकडे गोल्डच.

---

एडिसनकर

खूपच उपयोगी. हॉटेलचा मार्ग बरा वाटतो, जानेवारीअखेर दोन रात्री बाहेर राहायचंच आहे. दोन शंका: बायकोचाही खर्च माझ्या खात्यात आणता येतो का? आणि युनायटेडचा तळ असलेलं नेवार्क जवळ असताना युनायटेड सोडून हे करणं शहाणपणाचं आहे का?

---

हिशेबी_माणूस

तिला तुमच्याच कार्डावर ऑथराइज्ड युजर करा, म्हणजे तुमच्याच खात्यावरचं जादा कार्ड तिच्या नावाने घ्या. त्या कार्डाचा सगळा खर्च मूळ कार्डधारकाच्या ॲडव्हांटेज खात्यात जातो. उलट तिने स्वतःच्या नावावर वेगळं कार्ड घेतलं तर पॉइंट तिच्या खात्यात अडकतील, लॉयल्टी पॉइंट एकमेकांना देता येत नाहीत. दोघांची निम्मी-निम्मी स्टेटसं करण्यापेक्षा एकाचं पुरं करा.

टॅक्स मुद्दाम जास्त भरून नंतर परतावा घ्यायची कल्पना कुणीतरी सुचवेलच. नका करू. रिटर्न भरून परतावा येईपर्यंत पैसे अडकतात आणि फी तर गेलेलीच असते.

---

नेवार्क_टर्मिनल_सी

युनायटेडमध्ये कार्डावरून वर चढणं खूप जड आहे. एक्सप्लोरर कार्डावर २० डॉलरला एक पीक्यूपी (युनायटेडचे स्टेटस ठरवणारे पॉइंट), तेही वर्षाला १,००० पर्यंतच. क्लब कार्डावर १५ डॉलरला एक. उड्डाणांची संख्या न धरता गोल्डला १२,००० पीक्यूपी लागतात, म्हणजे क्लब कार्डावर दीड लाख डॉलरच्या वर खर्च, वर युनायटेडची किमान चार उड्डाणं. आणि स्टार अलायन्समध्ये (युनायटेड ज्यात आहे तो विमान कंपन्यांचा गट) लाउंज मिळायला गोल्डच लागतं, सिल्व्हरला काही नाही. एअर इंडियाही याच अलायन्समध्ये आहे, म्हणून थेट एअर इंडियाने जाणाऱ्यांना गोल्डचा उपयोग आहे, पण तो कामाच्या प्रवासांतून आला तर. कार्डातून नको.

डेल्टाचं मधलं आहे. प्लॅटिनम आणि रिझर्व्ह ही दोन्ही अमेक्स कार्डं घेतली तर प्रत्येकी २,५०० एमक्यूडी (डेल्टाचं स्टेटस मोजायचं एकक) वर्षाच्या सुरुवातीलाच मिळतात आणि रिझर्व्हवर १० डॉलरला एक. गोल्ड १०,००० ला. म्हणजे ५०,००० चा खर्च आणि दोन्ही कार्डांची मिळून १,००० डॉलर फी. पॅरिस किंवा ॲमस्टरडॅमवरून मुंबई गाठणाऱ्यांनी विचार करावा, कतारवाल्यांनी नाही.

---

कोथरूड_ते_डॅलस

मग कतारचंच बोलू. ॲडव्हांटेज प्लॅटिनम म्हणजे वनवर्ल्ड (अमेरिकन आणि कतार ज्यात आहेत तो गट) सॅफायर. फिलाडेल्फियाला आणि दोह्याला इकॉनॉमीच्या तिकिटावर लाउंज मिळतं, सोबत एक पाहुणा. चौघं असाल तर दोघं बाहेर राहतात, हे घरी आधीच सांगून ठेवा. दोह्यात तुम्हाला गोल्ड लाउंज मिळतं. बिझनेस क्लासचं अल मुर्जान वेगळं, तिथे इकॉनॉमीच्या सॅफायरला सोडत नाहीत. जास्तीची एक बॅग ज्याचं स्टेटस त्यालाच, चौघांना नाही. अमेरिकेतल्या देशांतर्गत प्रवासात या स्टेटसवर ॲडमिरल्स क्लब मिळत नाही, तो गैरसमज नको.

बुकिंगमध्ये ॲडव्हांटेजचा नंबर आहे ना, ते आत्ताच बघा. कतारच्या ॲपमध्ये लॉग-इन करून तिकीट काढलं असेल तर प्रिव्हिलेज क्लबचा (कतारची स्वतःची योजना) नंबर आपोआप बसतो आणि मग माइल्स तिकडे जातात, काउंटरवर सॅफायरही दिसत नाही. 'मॅनेज बुकिंग'मधून बदला, नाही जमलं तर फोन करा. बोर्डिंग पासवर सॅफायर छापलंय की नाही हे चेक-इनलाच तपासा, लाउंजच्या दारात वाद घालून उपयोग नसतो.

तिकीट अजून काढलं नसेल तर आणखी एक. कतारच्या फ्लाइट नंबरच्या तिकिटावर पॉइंट अंतर आणि बुकिंग क्लासवरून (भाड्याची श्रेणी दाखवणारं अक्षर) मिळतात. फिलाडेल्फिया-दोहा-मुंबई एका बाजूने ८,००० मैलांच्या आसपास आहे, पण स्वस्त क्लासला त्याचे काही टक्केच मोजतात. त्याच विमानाचं तिकीट अमेरिकनच्या फ्लाइट नंबरवर काढलं तर डॉलरवर मिळतात: गोल्डला सरकारी कर वगळून डॉलरमागे ७, प्लॅटिनमला ८. १,००० डॉलरच्या भाड्याला प्लॅटिनमवर ८,०००. बुकिंग क्लासचं अक्षर आणि किंमत दोन्ही बघून मग ठरवा. अमेरिकनच्या बेसिक इकॉनॉमीचं तिकीट मात्र नको. १७ डिसेंबर २०२५ पासून काढलेल्या तशा तिकिटांवर माइल्सही नाहीत आणि पॉइंटही नाहीत.

---

एडिसनकर

तिकीट काढायचंय अजून, अमेरिकनच्या नंबरवर किती फरक पडतो ते आज बघतो. १५ तारखेचा टॅक्स पे१०४० वरून, प्रॉपर्टी टॅक्सची फी २.९५ टक्के निघाली, म्हणजे तोही कार्डावर. टक्केवाला, तुमची ५ फेब्रुवारी कॅलेंडरमध्ये टाकली आहे.

---

टक्केवाला

२.९५ म्हणजे ३,००० वर ८८ डॉलर. तो आधी भरू नका. हॉटेलचे पॉइंट आले आणि उरलेला घरखर्च धरून आकडा ७२,००० च्या पुढे जात असेल तरच कार्डाने भरा, नाहीतर नेहमीसारखा बँकेतून. शेवटची तारीख १ फेब्रुवारी असली तरी न्यू जर्सीत बहुतेक टाउनशिपा १० तारखेपर्यंत दंड लावत नाहीत. तुमच्या बिलाच्या मागे लिहिलेलं असेल.