मदत हवी आहे: दियागिलेव्हच्या पॅरिसमधल्या प्रसिद्धीला 'संस्कृतिप्रचार' म्हणता येईल का?

नमस्कार मंडळी,

जनसंज्ञापनाच्या शेवटच्या सत्राला आहे. प्रकल्पाचा विषय 'परदेशात रशियन संस्कृतीची प्रसिद्धी'. मी रशियन कला-आयोजक सर्गेई दियागिलेव्हचा १९०९चा पॅरिसमधला बॅले सीझन घेतला आणि अडकले.

गडी पक्का मुरलेला. १९०६ला पॅरिसात रशियन चित्रांचं प्रदर्शन, १९०७ला संगीताच्या मैफिली, १९०८ला गायक शाल्यापिनला घेऊन 'बोरिस गदुनोव' ऑपेरा. पॅरिसकरांना अशी तीन वर्षं चटक लावली आणि मग बॅले काढला. १९ मेच्या पहिल्या प्रयोगाच्या आदल्या दिवशी शातले थिएटरात रंगीत तालीम होती. आस्त्र्यूक या तिथल्या आयोजकानं बाल्कनीच्या पहिल्या रांगेत देखण्या नट्या बसवल्या, एक सोनेरी केसांची, एक काळ्या केसांची, अशा आलटून पालटून! पडदा उघडण्याआधीच बातमी तयार.

चित्रकार सेरोव्हनं काढलेल्या पोस्टरवर होती नर्तकी आन्ना पावलोव्हा. बाई पोचल्या उशिरा, तोवर नर्तक निझिन्स्की आणि नर्तकी कार्साव्हिना भाव खाऊन गेले होते. (पोस्टरवर एक, टाळ्या दुसऱ्यालाच. हे आपल्याकडेही चालतं म्हणा.)

मॅडम म्हणतात, ही निव्वळ तिकीटविक्री, संस्कृतिप्रचार नव्हे. पाठीराखा ग्रँड ड्यूक व्लादिमीर १९०९च्या फेब्रुवारीत वारला आणि झारनं मदत काढून घेतली. म्हणजे नाव रशियाचं, पैसा सरकारचा नाही. मग याला काय म्हणायचं? सोमवारी आराखडा द्यायचाय, जाणकारांनी सुचवा.

प्रतिसाद १
पैसा कुणाचा यावर अडू नका, माल काय होता ते बघा. 'क्लिओपात्रा', 'शेहेराझादे' या बॅलेंत रशिया कुठेय? पॅरिसला पूर्वेची जी हौस होती तीच त्यानं पुरवली. 'फायरबर्ड' रशियन लोककथेवरचा खरा, पण बेतला पॅरिससाठीच. आणि दियागिलेव्हच्या बॅले मंडळीनं खुद्द रशियात एकही प्रयोग केला नाही. हा मुद्दा मॅडमना नक्की पटेल.

प्रतिसाद २
१९१२ सोडू नका. निझिन्स्कीच्या 'फॉन' या बॅलेवर 'फिगारो' या फ्रेंच वृत्तपत्राच्या संपादकानं पहिल्या पानावर आगपाखड केली. दियागिलेव्हनं गप्प बसायचं सोडून शिल्पकार रोदाँच्या नावानं 'मातँ' या दुसऱ्या वृत्तपत्रात आलेला स्तुतिलेख त्याच 'फिगारो'कडे पाठवला आणि तो तिथे छापूनही आला. वृत्तपत्रांशी संबंध म्हणजे काय, याचा धडा इथे आहे, नट्यांच्या रांगेत नाही.

धागाकर्ती
दोघांचे आभार. 'फिगारो' प्रकरण मी तळटीपेत टाकलं होतं, आता त्यावर अख्खं प्रकरण करते. १९०९चा सीझन गाजूनही तोट्यात गेला होता, तेव्हा 'निव्वळ तिकीटविक्री'ला तेही उत्तर होईल का?

प्रतिसाद १
नाही हो, त्याला तिकिटं विकायचीच होती. हिशेब जमला नाही एवढंच.