मदत हवी आहे: लेकीला पाच दिवस शी झाली नाहीये, शुक्रवारी साताऱ्याला निघायचंय

जाईजुई (सोमवार, रात्री ११.२०)
कुणीतरी पटकन सांगा. लेकीचा आज पाचवा दिवस. दर वेळी हेच होतंय. संध्याकाळी बाल्कनीच्या पडद्यामागे जाऊन उभी राहते, लालबुंद होते, घामाघूम होते, जोर लावते, रडते आणि काहीच होत नाही. अर्ध्या तासाने परत खेळायला लागते. केळं देऊन झालं, पपई झाली, पोटाला हिंग लावून झाला, सकाळी कोमट पाणी झालं. बुधवारी गणपती बसतात, शुक्रवारी सासरी साताऱ्याला निघायचंय, रविवारी गौरी येणार. मागच्या वेळी कात्रजच्या बोगद्यापासून खंबाटकीपर्यंत गाडीत रडत होती, ते परत नको. उद्या दिलं की परवा पोट साफ होईल असं औषध सांगा. चिठ्ठीशिवाय मिळणारं असलं तर बरं.

पाटीपेन्सिल (सोमवार, रात्री ११.३४)
वय किती? दूध किती पिते? कधीपासून चालू आहे हे? काहीच लिहिलं नाहीये तुम्ही.

माईआजी (सोमवार, रात्री ११.४१)
अगं बाळा, घाबरू नकोस. विड्याच्या पानाचा देठ घे, एरंडेलात बुडव आणि अलगद आत सार. पाच मिनिटांत मोकळी होईल. माझ्या तिन्ही मुलांना आणि दोन नातवंडांना केलंय. आमच्या लहानपणी सदाशिव पेठेत वाड्यातल्या सगळ्या पोरांना रविवारी रांगेत बसवून एरंडेल पाजायचे, वर साखरेची चिमूट. बद्धकोष्ठ हा शब्दच ऐकला नव्हता कुणी.

जाईजुई (सोमवार, रात्री ११.५२)
पावणेतीन वर्षांची आहे. दूध व्यवस्थित पिते, तो प्रश्न नाही. जेवायला मात्र त्रास देते. माईआजी, देठ उद्याच आणते सकाळी मंडईतून.

रात्रपाळी (मंगळवार, पहाटे ४.१५)
ड्यूटीवर आहे म्हणून या वेळी लिहितेय. जाईजुई, कृपा करून देठ, साबणाची कांडी, बोट, काहीही आत सारू नका. मी बारा वर्षं मुलांच्या विभागात परिचारिका आहे. डॉक्टर नाही, त्यामुळे डोस सांगणार नाही, पण जे रोज बघते ते सांगते.

एक गोष्ट नीट आठवून लिहा. पडद्यामागे उभी राहते तेव्हा पाय कसे असतात? गुडघे वाकवून, मांड्या फाकवून उकिडवी बसायला बघते, की पाय एकमेकांना घट्ट चिकटवून, टाचा उचलून चवड्यांवर ताठ उभी राहते?

दोन_पोरांचा_बाबा (मंगळवार, सकाळी ८.०५)
शाळेत जाते का? कुठल्या माध्यमात घातलंय? पावणेतीन म्हणजे घाई केलीत असं माझं स्पष्ट मत आहे. पहिलीला ३१ डिसेंबरपर्यंत ६ वर्षं पूर्ण लागतात, तेव्हा नर्सरीला ३ पूर्ण झाल्यावरच घालावं. आम्ही धाकट्याला मुद्दाम वर्षभर घरी ठेवला आणि मराठी माध्यमात घातला. आज दुसरीत आहे, धडाधडा वाचतो.

पाटीपेन्सिल (मंगळवार, सकाळी ८.२०)
दादा, त्या शीबद्दल विचारतायत हो.

दोन_पोरांचा_बाबा (मंगळवार, सकाळी ८.२८)
शाळेचा संबंध असतोच. आमच्या थोरल्याचं अंगठा चोखणं शाळेत घातल्यावरच सुरू झालं होतं. अंगठ्यासाठी कडुनिंबाचा रस लावतात.

जाईजुई (मंगळवार, सकाळी ९.१०)
रात्रपाळी, तुम्ही विचारलंत म्हणून डोळ्यासमोर आणलं. पाय चिकटवलेले असतात, एकावर एक तिढा घातल्यासारखे. चवड्यांवर असते आणि पडदा दोन्ही मुठींत गच्च धरलेला असतो. पण जोर तर लावतेच ना?

आणि हो, शाळेत जाते. जूनपासून. प्लेग्रुप आहे, सकाळी दोन तास. अंगठा वगैरे चोखत नाही.

दूध म्हणाल तर सकाळी एक बाटली, शाळेतून आल्यावर एक, झोपताना एक. बाटली २५० मिलीची. रात्री उठली तर अर्धी. म्हशीचं, चॉकलेटची पावडर घालून.

रात्रपाळी (मंगळवार, सकाळी ९.४०)
ताई, ती जोर लावत नाहीये. धरून ठेवतेय. बाहेर येऊ पाहणारी शी सगळं अंग ताठ करून मागे ढकलतेय. बघणाऱ्याला ते जोर लावल्यासारखंच दिसतं, दहातले आठ आईवडील हेच सांगत येतात.

असं का होतं तेही सांगते. कधीतरी एकदा खडा होतो, जाताना दुखतं, कधी चीर पडते. मूल ठरवतं की परत नको. मग धरून ठेवतं. धरली की आतडं तिच्यातलं पाणी शोषत राहतं, ती आणखी कडक आणि जाड होते. पुढच्या वेळी आणखी दुखतं. महिनाभर हे चाललं की शेवटचा भाग ताणला जातो आणि लागलेली जाणवणंच कमी होतं. मुद्दाम हट्ट म्हणून ती करत नाहीये, तिला खरंच भीती वाटतेय.

म्हणूनच देठ नको. तिथेच दुखतंय, तिथेच आपण काही घातलं की भीती दुप्पट. एरंडेलाने पोटात जोरात मुरडा येतो आणि पुढे घट्ट गोळा अडलेला असताना तो मुरडा मुलाने सोसायचा.

आणि ताई, दूध ८०० मिलीच्या वर जातंय. या वयाला ४०० ते ५०० पुरतं. पोट दुधानेच भरतं, मग जेवणार कधी? एवढ्या दुधावर असलेल्या मुलांचं रक्तातलं लोहही बऱ्याचदा कमी निघतं.

आता हे सांगा: पहिल्यांदा कधी दुखलं? निकरला कधी पातळ डाग लागतो का? पोट फुगलंय, उलट्या, ताप? आणि जन्मल्यावर पहिली काळी शी पहिल्या दोन दिवसांत झाली होती का?

माईआजी (मंगळवार, सकाळी १०.०२)
तुम्ही शिकलेल्या आहात, पण आमच्या हातून वाढलेली मुलं आज पन्नाशीची आहेत आणि धडधाकट आहेत. एरंडेलाने कुणाचं वाईट झालेलं मी पाहिलं नाही. प्रत्येक गोष्टीला डॉक्टर कशाला?

रात्रपाळी (मंगळवार, सकाळी १०.१५)
माईआजी, तुमचा अनुभव मी खोटा म्हणत नाही. त्या वाड्यातली मुलं उकिडवी बसायची, दिवसभर अंगणात पळायची, भाकरी खायची आणि अर्धा अर्धा लिटर दूध बाटलीने पीत नव्हती. एरंडेलाचं श्रेय थोडं त्यालाही द्यायला हवं.

अंजीरवाला_सासवड (मंगळवार, सकाळी ११.३०)
अंजीर द्या ना! आमचं घराणंच अंजिराच्या बागेतलं. पुरंदरच्या अंजिराला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं, उगाच नाही. आमच्याकडे खट्टा आणि मीठा असे दोन बहार. ताजं फळ आत्ता भाद्रपदात मिळायचं नाही, हिवाळ्यापर्यंत थांबावं लागेल. तोवर सुकं अंजीर रात्री भिजवून सकाळी कुस्करून द्या. पाणीसुद्धा पाजा. आणि ताजं घ्याल तेव्हा देठाशी हिरवट असलेलं घेऊ नका.

बकुळफूल (मंगळवार, सकाळी ११.५०)
सासवडला अंजिराच्या बागा बघायला मिळतात का? डिसेंबरात मुलांना घेऊन यायचा विचार आहे.

अंजीरवाला_सासवड (मंगळवार, दुपारी १२.०५)
या की ताई! दिवे घाट चढून आलात की आलंच. जानेवारीत आलात तर जास्त फळ दिसेल.

जाईजुई (मंगळवार, दुपारी १.३०)
जरा मूळ प्रश्नावर राहूया का, प्लीज.

रात्रपाळी, पहिली शी जन्मल्यादिवशीच झाली होती. उलट्या, ताप नाही. पोट संध्याकाळी थोडं टणक लागतं. आणि डाग लागतो! रोज दोन-तीनदा, पातळ, निकरला. आम्हाला वाटलं पोट बिघडलंय, म्हणून सासूबाईंनी गेला आठवडा तिला डाळिंबाचे दाणे आणि साबुदाण्याची पेज दिली. पातळ लागतंय म्हणजे बद्धकोष्ठ नाही ना?

पहिल्यांदा कधी दुखलं ते आठवत नाही. शाळा सुरू झाली तेव्हापासूनच बहुतेक.

पाटीपेन्सिल (मंगळवार, दुपारी १.४२)
शाळा सुरू झाली तेव्हा डायपर होता?

रात्रपाळी (मंगळवार, दुपारी २.१०)
तो डाग म्हणजे जुलाब नाही. आत घट्ट गोळा अडलाय, वरची पातळ शी त्याच्या कडेने झिरपतेय आणि तिला ती थांबवता येत नाही. त्यासाठी ओरडू नका. डाळिंब-साबुदाणा आजपासून बंद.

आता मात्र आजच मुलांच्या डॉक्टरांकडे जा. पाच दिवस, टणक पोट आणि झिरपणं, एवढं झाल्यावर हे घरी करायचं काम नाही. आत अडलेलं आधी मोकळं करावं लागतं. त्याआधी नुसता कोंडा, अंजीर, पालेभाजी वाढवली तर अडलेल्यावर आणखी भर पडते. साधारणपणे पाणी ओढून शी मऊ करणारं औषध देतात. डोस वजनावर असतो, म्हणून दुकानातून आपल्या मनाने नको.

बकुळफूल (मंगळवार, दुपारी २.३०)
तुम्ही नोकरी करता का? मुलं सांभाळणाऱ्या बाईंकडे असली की हे प्रकार होतात. मी पाच वर्षं घरी राहिले.

जाईजुई (मंगळवार, दुपारी ३.०५)
नोकरी करते आणि लेक सासूबाईंजवळ असते, ज्या तिला माझ्यापेक्षा जास्त जपतात. याचा इथे काय संबंध ते मला कळलं नाही.

पाटीपेन्सिल, तुमच्या प्रश्नाने पोटात गोळा आला. हो. शाळेने मे महिन्यात सांगितलं होतं, डायपर चालणार नाही, जूनपर्यंत सवय लावून पाठवा. तेव्हा आम्ही एकदम डायपर काढला. तीन आठवड्यांत शू जमली, आम्हाला केवढा आनंद झाला. शीसाठी तिला मोठ्या कमोडवर बसवत होतो, पाय लोंबकळत. कडेला दोन्ही हातांनी धरून बसायची. एकदा शाळेत कपड्यात झाली तेव्हा सगळ्यांसमोर तिला ‘घाण केलीस’ म्हणाले, असं तिनेच बाहुलीशी खेळताना सांगितलं. बाहुलीला म्हणत होती, ‘घाण नाही करायची हं, आतच ठेव.’ मी तेव्हा हसले होते हो. मला कळलंच नाही.

डॉक्टरांची सहाची वेळ घेतलीये.

पाटीपेन्सिल (मंगळवार, दुपारी ३.२०)
ताई, रडू नका. माझ्या मुलाचं अगदी हेच होतं, आम्हाला कळायला आठ महिने लागले. तुम्हाला दोनच महिने झालेत.

आम्ही केलं ते सांगते. तात्पुरता डायपर परत दिला, फक्त शीपुरता. शाळेला चिठ्ठी लिहून दिली. कमोडवर मुलांची छोटी रिंग घेतली आणि पायाखाली घरातला जेवणाचा पाट, त्याखाली दोन विटा रचून. गुडघे कमरेपेक्षा वर आले की बसणं उकिडवं होतं आणि सोपं जातं. पाय टेकल्याशिवाय जोर लावताच येत नाही, आपण मोठे तरी लावू का? नाश्ता आणि रात्रीचं जेवण झाल्यावर १५-२० मिनिटांनी पाच मिनिटं बसवायचं, कारण पोटात अन्न गेलं की आतडं आपोआप हलतं. झाली नाही तरी उठवायचं, काही बोलायचं नाही. फुगे फुगवायला द्यायचे, फुंकर मारताना पोटाला नीट जोर बसतो.

दोन_पोरांचा_बाबा (मंगळवार, संध्याकाळी ५.१५)
मी म्हटलं होतं शाळेचा संबंध असतो. पण ते ‘आतच ठेव’ वाचून वाईट वाटलं. शाळेत जाऊन शांतपणे बोला. तिथल्या ताईंना कदाचित कळलंही नसेल. बरोबर जायला कुणी हवं असेल आणि कोथरूडच्या आसपास असाल तर माझी बायको येईल, ती बालवाडी शिक्षिका आहे.

जाईजुई (मंगळवार, रात्री ९.४५)
जाऊन आलो. डॉक्टरांनी पोटावर हात ठेवून माझाही हात तिथे ठेवला, डावीकडे खाली गोळे लागत होते. बाहेर जुनी चीर दिसली. पावडरचं औषध दिलंय, पाण्यात मिसळून. आधी तीन दिवस जास्त, मग कमी करून निदान तीन महिने रोज. मी म्हटलं एवढं? सवय नाही का लागणार? म्हणाले, सवय लागत नाही, ताणलेलं आतडं पूर्ववत व्हायला तेवढा वेळ लागतोच. हिमोग्लोबिन तपासायला सांगितलंय. बाटली बंद, दूध पेल्याने, दोनदा.

साताऱ्याचा प्रश्न मी विचारलाच. गौरी पुढच्या वर्षीही येतील, पहिले तीन दिवस घरी राहा म्हणाले. सासूबाई स्वतःच म्हणाल्या, आवाहनाला जाऊबाई आहेत, आपण थेट पूजनाला सोमवारी जाऊ.

माईआजी (मंगळवार, रात्री १०.१०)
शहाणी सासू आहे तुझी. एरंडेल राहू दे. काळ्या मनुका मात्र भिजवून देत जा नंतर, त्याला कुणी नाही म्हणणार नाही.

रात्रपाळी (मंगळवार, रात्री १०.३०)
मनुका उत्तम, माईआजी. मंडईत आत्ता पेर (नाशपाती) आलेत, तेही सालासकट द्या.

जाईजुई (गुरुवार, रात्री ८.५०)
आज झाली. डायपरमध्ये, पडद्यामागेच, उभ्यानेच. आधी एवढा मोठा खडा की मला बघवेना, आणि मग बरीच मऊ. ती घाबरून माझ्याकडे बघत होती. मी म्हटलं, ‘छान झालं, आता पोट हलकं झालं.’ म्हणाली, ‘टोचली नाही शेवटची.’

जाईजुई (दुसऱ्या आठवड्यातला शनिवार, सकाळी ९.१५)
सोमवारी साताऱ्याला जाऊन मंगळवारी परत आलो, गाडीत झोपली होती. आता दिवसाआड होते, मऊ. पाटावर पाय ठेवून बसते, पण शी अजून डायपरमध्येच. हिमोग्लोबिन ९.२ आलं, लोहाचे थेंब सुरू झालेत. शाळेतल्या ताईंशी बोलले. त्यांनी ऐकून घेतलं, डायपर पाठवा म्हणाल्या. आता एवढी बरी आहे तर औषध अर्ध्यावर आणू का?

रात्रपाळी (शनिवार, दुपारी २.४०)
नका आणू. दोन आठवड्यांत बरं वाटतं आणि इथेच सगळे औषध सोडतात, मग महिन्याभरात परत येतात. कमी करायचं ते डॉक्टर सांगतील तेव्हा. लोहाच्या थेंबांनी शी काळपट दिसेल, कधी थोडी घट्टही होते, तसं झालं तर त्यांना कळवा. डायपर तिचा तीच सोडेल.

जाईजुई (शनिवार, दुपारी ३.००)
बरं. नाही आणत.