फॉर्मिगाच्या कारकिर्दीचे मोजमाप

महिला फुटबॉलमध्ये मधल्या फळीतील खेळाडूची कारकीर्द तिशीनंतर उतरणीला लागते, कारण सर्वाधिक धावपळ तिलाच करावी लागते, असे एक मत मांडले जाते; ते मला पटत नाही. याच फळीत खेळणारी ब्राझीलची फॉर्मिगा १९९५ ते २०१९ या काळात सलग सात विश्वचषक खेळली, आणि २०१५ मध्ये दक्षिण कोरियाविरुद्ध गोल केला तेव्हा ती ३७ वर्षांची होती. वय वाढले तशी तिची धाव कमी झालीही असेल. पण प्रतिस्पर्ध्याचा पास कुठे पडणार हे आधीच ओळखून तिथे उभे राहण्याची तिची जाण शेवटपर्यंत शाबूत होती, आणि या जागेवर माझ्या मते तीच खरी पुंजी असते.

आणखी एक गोष्ट नोंदवावीशी वाटते. तिचा जन्म १९७८ चा, म्हणजे ब्राझीलमध्ये स्त्रियांच्या फुटबॉलवर १९४१ पासून असलेली कायदेशीर बंदी तेव्हा उठलेलीही नव्हती. राष्ट्रीय संघाकडून तिचा निरोपाचा सामना नोव्हेंबर २०२१ मध्ये ब्राझीलमधल्याच मनाउस शहरात झाला, तोही भारताविरुद्ध. ब्राझीलने तो ६-१ असा जिंकला, आपला एकमेव गोल मनीषा कल्याणने केला, आणि उत्तरार्धात बदली खेळाडू म्हणून ४३ वर्षांची फॉर्मिगा मैदानात उतरली.