कपित्थ म्हणजे आपलं कवठच का?

जळगाव : भरतनाट्यमच्या परीक्षेला बसणाऱ्या मुली विचारतात, 'कपित्थ हस्त' (हस्त म्हणजे नृत्यातली हाताची ठराविक ठेवण) म्हणजे कवठ का? मग त्या हाताने कवठ दाखवायचं का?

धुळे : हो ताई, महाशिवरात्रीला चटणीसाठी आणतो तेच कवठ. संस्कृत दीपचा दिवा, कपाटचं कवाड, तसं कपित्थचं प्राकृतात कविट्ठ आणि मराठीत कवठ. पण या हाताने कवठ दाखवायचं नाही. अभिनयदर्पण या नृत्यावरच्या ग्रंथात कपित्थाचा विनियोग, म्हणजे तो कुठे वापरायचा ते, लक्ष्मी, सरस्वती, टाळ धरणं, गाईची धार काढणं, काजळ घालणं, पदर धरणं, धूपदीप ओवाळणं असा दिला आहे. त्यात फळ नाही. नावावरून हात ओळखायचा, अर्थ मात्र विनियोगातूनच घ्यायचा. मुलींची गल्लत नेमकी इथेच होते.

चाळीसगाव : हाताची रचनाही सांगतो. मूठ वळली की मुष्टी. तिचा अंगठा उभा केला की शिखर. शिखराची तर्जनी वाकवून अंगठ्याच्या टोकावर टेकवली की कपित्थ. मधलं बोट, अनामिका, करंगळी तळहाताला घट्ट हवीत. ती तिन्ही उघडून पसरली तर हंसास्य होतो. मधलं बोटही अंगठ्याला लागलं आणि उरलेली दोन वर उठली तर कटकामुख. बोटं सुटतात त्याचं मूळ बहुतेकदा मनगटात असतं. मनगट आत मोडलं की बोटांची पकड आपोआप सैल पडते. आधी मनगट सरळ करायला सांगा, मग बोटांकडे बघा.

जळगाव : छान सांगितलंत, भाऊ. आणि पेपरात 'मुद्रा' लिहायचं की 'हस्त'?

धुळे : 'हस्त' लिहा. मराठीत मुद्रा म्हणजे शिक्का, नाणं किंवा चेहऱ्यावरचा भाव. कथकलीत मुद्रा हाच शब्द चालतो, तिथे हस्तलक्षणदीपिका या ग्रंथातल्या 24 मुद्रा शिकवतात. भरतनाट्यमसाठी अभिनयदर्पणातले 28 असंयुत, म्हणजे एकाच हाताने करायचे, हस्त धरा. नाट्यशास्त्रात ते 24 आहेत, म्हणून आकड्याआधी ग्रंथाचं नाव हवंच. कथ्थकचा 'हस्तक' निराळा. त्यात नुसती बोटं नाहीत, अख्ख्या हाताची ठेवण आणि फिरत येते.

चोपडा : 'असंयुक्त' लिहिलं तर चूक धरतात का?

धुळे : अर्थ एकच, सुटा हात. पण ग्रंथात 'असंयुत' आहे, तेच लिहावं. तसंच दुसऱ्या एका हस्ताचं नाव 'पताका' नको, 'पताक' लिहा. ग्रंथात हेच पुल्लिंगी रूप आहे.