लोराची रेंज उसात अडकली, अ‍ॅम्प्लिफायर लावू का?

खोडवा_१२:
मंडळी नमस्कार. आमची मोटार कृष्णेच्या काठाला, घर तिथनं सरळ ३ किलोमीटर, मधे सगळा ऊस. लाईट आली का ते घरी कळावं आणि घरनंच मोटार चालू-बंद करता यावी म्हणून दोन्हीकडं ईएसपी३२ (छोटा कंट्रोलर बोर्ड) आणि एसएक्स १२७६ चं ८६८ मेगाहर्ट्झवालं लोरा मॉड्यूल (थोडा डेटा लांबवर पाठवणारा रेडिओ) लावलंय. फेब्रुवारीत तोडणीनंतर बसवलं तेव्हा एक पॅकेट (रेडिओवरचा एक निरोप) चुकत नव्हतं, आता खोडवा डोक्याच्या वर गेलाय आणि दहातली सहा-सात पॅकेटं गायब, पाला ओला असला की तर विचारूच नका. परवा रात्री बंदची कमांड गेलीच नाही, बॅटरी घेऊन चिखलातनं जावं लागलं. एसएफ (स्प्रेडिंग फॅक्टर, वाढवला की हळू पण लांब पोचतं) ९ आहे, एसएनआर (गोंगाटाच्या मानानं सिग्नल किती) -११ डीबीच्या आसपास. ऑनलाइन २ वॉटचा बूस्टर (अ‍ॅम्प्लिफायर) दिसतोय, नदीकडं बसवला तर काम होईल का?

आरएफ_आबा:
थांबा जरा, पैसे घालू नका. एसएफ ९ ला एसएनआर साधारण -१२.५ पर्यंतच चालतो, म्हणजे तुम्ही अगदी कडेला उभे आहात, पाला हलला की पडलात. आणि बूस्टर नदीकडं लावला तर नदीचं बोलणं घरी मोठ्यानं येईल, पण घरची कमांड नदीकडं आहे तशीच बारीक पोचणार, तुमची अडचण तर तीच आहे ना! नुसता पॉवर अ‍ॅम्प म्हणजे कर्णा, कान नव्हे. त्यात स्वस्तातले एकाच दिशेचे असतात, ते मधे आले की रिसिव्ह बंदच. दोन्ही बाजूंनी चालणारा, टीएक्स-आरएक्स (पाठवणं-घेणं) स्विच आणि एलएनए (आलेला बारीक सिग्नल वाढवणारा भाग) असलेला घ्यावा लागतो. शिवाय आपल्याकडं ८६५ ते ८६८ मध्ये विनापरवाना जास्तीत जास्त १ वॉट चालतो, २ वॉट नियमातच बसत नाही. आधी सांगा अँटेना कुठंय आणि केबल कुठली?

खोडवा_१२:
नदीकडं स्टार्टरच्या पेटीतच आहे आबा, जमिनीपासून २ मीटर. घरी टाकीवर ९ मीटरला, खाली मॉड्यूलपर्यंत आरजी ५८ ची १० मीटर केबल.

आरएफ_आबा:
लोखंडी पेटीत?? अहो मग फेब्रुवारीत चाललं हेच नवल 😄
ती १० मीटर केबल या फ्रिक्वेन्सीला ५ डीबीच्या आसपास खाते, जातानाही आणि येतानाही. मॉड्यूलच टाकीवर न्या, प्लास्टिकच्या डबीत, आणि वर १२ व्होल्ट देऊन तिथं ५ करा. नदीकडं जीआय पाइप उभा करून अँटेना निदान ६ मीटरवर. ३ किलोमीटरच्या लिंकला मध्यावर फ्रेनेल झोनची (सिग्नलला लागणाऱ्या मोकळ्या जागेची) त्रिज्या १६ मीटर येते, तेवढं मोकळं आपल्या बापजन्मी मिळायचं नाही, पण अँटेना उसाच्या वर तरी निघायला पाहिजे. आणि कोडमध्ये टीएक्स पॉवर बघा, लोराची लायब्ररी आपोआप १७ डीबीएम ठेवते, २० करता येते.

सोल्डर_सम्या:
आबा बरोबर बोलतायत, मी हाताने भोगलंय. १ वॉटचं मॉड्यूल घेतलं, पाठवताना ते ६०० मिलिअँपच्या वर ओढतं, माझा सप्लाय बारीक, मग दर पॅकेटला व्होल्टेज बसायचं आणि बोर्ड रिसेट. आठ दिवस मी रेंजच बघत बसलो राव. शेवटी १००० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर टाकला तेव्हा कुठं गप बसलं. आणि हो, अँटेना न लावता अ‍ॅम्प चालू करायचा नाही, जळतो, एक मी जाळलाय.

खोडवा_१२:
अपडेट देतो. रविवारी चुलतभावाला घेऊन पाइप उभा केला, साडेसहा मीटर, घरचं मॉड्यूल टाकीवर नेलं, पॉवर २० केली. एसएनआर आता -२ ते -३, आणि काल दिवसभरात एकच पॅकेट गायब झालं. बूस्टरच्या पैशात पाइप आणि फायबरग्लासची अँटेना दोन्ही आली. पाइपाच्या टोकाला बगळा येऊन बसतोय तेवढं सोडलं तर बरं चाललंय. जोराच्या पावसात बघायचंय अजून, तेव्हा गळायला लागलं तर एसएफ ११ करू का?

आरएफ_आबा:
करा, ५ डीबी मिळतील, पण पॅकेटला हवेत जवळपास चौपट वेळ लागेल, तुम्हाला मोटारीला चालेल. त्या पाइपाला अर्थिंग केलंय का पण? वळवाचा पाऊस येईल.

खोडवा_१२:
नाही केलं 🙈 उद्याच करतो.